वासी उत्तराणची फायनल

तीस वर्षं मी एका कारखान्यात शिफ्टचं वेळापत्रक लावत होतो. सकाळपाळीला कोण, दुपारपाळीला कोण, कुणाचा ऑफ कोणत्या वारी, हे सगळं एका मोठ्या कागदावर पेन्सिलीनं मांडायचं आणि मग आठवडाभर खोडरबर घेऊन बसायचं. या कामाचा एक नियम आहे. ज्याला हवी ती सुट्टी मिळते, त्याला ती आपल्या हक्काची वाटते. ज्याला मिळत नाही, तो तुम्हाला मरेपर्यंत विसरत नाही. माझ्या निरोपसमारंभाला हॉल भरून माणसं आली तेव्हा मला गहिवरून आलं होतं. नंतर एकानं सांगितलं, "साहेब, तुम्ही खरंच जाताय ना, याची खात्री करायला आलो होतो."

अशा माणसाला शहरातल्या हौशी फुटबॉल लीगनं सामन्यांच्या वेळा ठरवायला बोलवावं, यात लीगचा भोळेपणा दिसतो. आमचे अध्यक्ष गुजराती, फतेगंजला त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. ते म्हणाले, "भाऊ, तमे तो टाइमटेबलना माणस." बडोद्यात मराठी माणसाला भाऊ म्हणतात, आणि एकदा भाऊ म्हटलं की पुढचं काम नाकारता येत नाही. आमचे पूर्वज सरकारी फौजेत शिपाई होते. लढाईची वेळ त्यांना वरून कळवली जायची आणि ते निघायचे. घराण्यात वेळ ठरवणारा मीच पहिला, आणि एकूण बघता पूर्वजांची पद्धत बरी होती.

मैदान सुभानपुऱ्यात, एका शिक्षणसंस्थेचं. तिन्ही बाजूंनी तीन-चार मजली इमारती, चौथ्या बाजूला रस्ता. आम्हाला ते रविवारी मिळायचं. मी पहिल्याच बैठकीत पेन्सिल काढली. सकाळी आठला लहान मुलं, कारण तेव्हा गार असतं. दहाला चाळिशीपुढचे, कारण त्यांना चहा घेऊन गुडघ्याला पट्टा बांधायला वेळ लागतो. या संघात मीही होतो, बचावफळीत. मी चेंडूच्या वाटेत उभा राहायचो आणि चेंडू सभ्यपणे वळसा घालून पुढे जायचा. साडेचारला पुरुषांचा मुख्य सामना, कारण ऊन उतरलेलं असतं आणि चार माणसं बघायला येतात. राहता राहिले मुलींचे चार संघ. त्यांना साडेबाराची वेळ दिली. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी आपण होऊन कारण सांगितलं, की त्या वेळी उजेड चांगला असतो.

घरी आल्यावर बायकोलाही तेच सांगितलं.

"उजेड चांगला असतोच," ती म्हणाली. "म्हणून तर मी वाळवण तेव्हा घालते."

आता कबूल करायला हवं, की मुलींच्या एका संघाची गोलकीपर आमचीच मुलगी. पण घरच्यांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची मला पहिल्यापासून फार काळजी. कारखान्यात माझा मेहुणा माझ्याच हाताखाली होता आणि त्याला सलग तीन दिवाळ्या ड्यूटी लागली होती. तो अजून भाऊबीजेला आला की माझ्याकडे न बघता जेवतो. त्याच तत्त्वानं मुलगी चार हंगाम भर दुपारी खेळली. एकदा तिनं वरच्या कोपऱ्यात जाणारा चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. संघातल्या मुली सांगतात, तसा बचाव त्यांनी पुन्हा कधी पाहिला नाही. त्याचा बाहेरचा साक्षीदार एकच, लिंबाखालचा वॉचमन, आणि तोही फोनवर बोलत होता. मी त्या वेळी घरी आमटी-भात जेवत होतो.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला तिला हैदराबादला नवी नोकरी लागली. फेब्रुवारीत हजर व्हायचं होतं. जेवताना ती म्हणाली, "बाबा, एक मागू?"

"माग."

"यंदा आम्ही फायनलला पोहोचलो, तर ती अशा वेळी ठेवा की बघायला माणसं असतील. शेकड्यांनी नकोत. मी चेंडू अडवला तर कुणीतरी ओरडायला हवं, एवढंच. नंतर मी कुठे खेळणार आहे?"

मी "ठेवतो" म्हणालो. बायको कोशिंबीर वाढता वाढता म्हणाली, "साडेबाराला ठेवाल, आणि म्हणाल, प्रत्यक्ष सूर्यनारायण बघायला आले होते."

मग मी शास्त्रोक्त पद्धतीनं कामाला लागलो. एका कागदावर सात वार आणि चोवीस तासांचे चौकोन आखले, तो फ्रिजवर चिकटवला, आणि शहरात कोण केव्हा मोकळं असतं याची चौकशी सुरू केली. फायनलच्या आधी मुलींचे साधे सामने होते, ते वेगवेगळ्या वेळी ठेवून प्रयोग करायचे आणि ज्या वेळी गर्दी जमेल तीच वेळ फायनलला द्यायची, असा बेत. कमिटीनं मान्यता दिली. कमिटी कशालाही मान्यता द्यायची, फक्त पुरुषांच्या साडेचारला हात लावायचा नाही.

पहिला प्रयोग रविवारी सकाळी नऊचा. खंडेराव मार्केटमध्ये मी ज्या बाईंकडून भाजी घेतो, त्यांना विचारलं होतं, की रविवारी सकाळी लोक काय करतात. त्या मेथीची जुडी बांधत म्हणाल्या, "शुं करे? फाफडानी लाइनमां ऊभा रहे." मला वाटलं, बाई थट्टा करतायत. सामन्याच्या दिवशी मैदानावर नऊला पाच माणसं होती. मग बाईंचं बोलणं आठवून मी हातपत्रकं घेऊन फरसाणाच्या दुकानाकडे गेलो. खरंच, अख्खं सुभानपुरा तिथे उभं होतं. मी रांगेच्या शेवटापासून पत्रकं वाटायला लागलो. लोकांना वाटलं, हा पुढे घुसतोय. एकानं हटकलं, "काका, लाइनमां आवो." वाद नको म्हणून मी रांगेत उभा राहिलो, आणि पुढच्या-मागच्याला फुटबॉलचं महत्त्व सांगत राहिलो. माझ्यापुढच्या गृहस्थानं सगळं लक्ष देऊन ऐकलं, पत्रक घडी घालून घेतलं आणि त्यात जिलबी बांधून नेली. तोवर माझा नंबर आला. नंबर आल्यावर न घेता परत फिरणं बरं दिसत नाही. मैदानावर पोहोचलो तेव्हा मध्यंतर झालं होतं, आणि माझ्या हातात पाव किलो फाफडा, पपईचा संभारा आणि हिरव्या मिरच्या होत्या. मुलीनं त्यातला एक फाफडा घेतला आणि गोलकडे निघून गेली.

रविवारी संध्याकाळी सातची वेळ दिव्यांच्या उजेडात घेऊन पाहिली. तेव्हा तर मुलींचे आईबापसुद्धा आले नाहीत. बायकोनं मला समजावलं, "अहो, रविवारी संध्याकाळी या गावात कुणाच्या घरी चूल पेटत नाही. सगळे बाहेर जेवायला जातात. मीही पेटवत नाही. रविवारी आपण बाहेर का जेवतो असं तुम्हाला वाटत होतं?" मला वाटत होतं, माझ्या हौसेसाठी.

तिसरा प्रयोग माझ्या स्वतःच्या ज्ञानावर बेतलेला होता. औद्योगिक वसाहतीतल्या कित्येक कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते. हे गावातल्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं. मला पाठ होतं. संस्थेला विनंती करून मी गुरुवार संध्याकाळ मिळवली, आणि जुन्या ओळखीच्या लोकांना फोन केले. चाळीसएक माणसं खरोखर आली. कुणी खुर्च्या आणल्या, एकानं तर नातवाला आणलं. सगळे बसले आणि मैदानाकडे बघू लागले. मैदानावर कुणीच नव्हतं. गुरुवारी बापांना सुट्टी होती. मुली कॉलेजात आणि ऑफिसात होत्या. एका संघाच्या चार जणी आल्या, दुसऱ्याच्या सहा. रेफरीनं सामना रद्द केला. आलेल्या लोकांचा विरस नको म्हणून मी वीस मिनिटं ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला. निम्म्यांनी खुर्च्या उचलल्या आणि निम्मे झोपले.

मुलगी ऑफिसातून थेट मैदानावर आली तेव्हा मी प्रेक्षकांसाठी बांधलेली सुतळी गुंडाळत होतो. ती म्हणाली, "बाबा, प्रगती आहे. आज प्रेक्षक होते."

तरी तिचा संघ फायनलला पोहोचला. माझ्या सगळ्या प्रयोगांना पुरून उरून त्या पोरी जिंकत होत्या, हे त्यांचं श्रेय. आता फायनलची वेळ ठरवायची होती. मी कारखान्यातल्या माझ्या जुन्या डायऱ्या काढून बसलो, आणि त्यात मला साक्षात्कार झाला.

पाळीच्या नोकरीत सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असं कधी होत नाही. पण वर्षातले दोन दिवस असे, की ज्यांच्यासाठी झाडून सगळे रजेचा अर्ज टाकायचे. दिवाळीलाही एवढे अर्ज नसायचे. एक संक्रांत, म्हणजे इथली उत्तराण, आणि दुसरी तिच्या दुसऱ्या दिवशीची वासी उत्तराण, म्हणजे शिळी उत्तराण. त्या दोन दिवसांसाठी माणसांनी मला मेलेले आजोबा दोनदा मारून दाखवले आहेत. याचा अर्थ उघड होता. त्या दिवशी अख्खं बडोदं मोकळं असतं, घरी असतं. संक्रांतीला देवधर्म, तिळगूळ असतो, तेव्हा तो दिवस सोडू. दुसरा दिवस घेऊ. दुपारी तीन, म्हणजे जेवण आटोपून, डुलकी काढून माणसं निवांत खाली येतील.

संस्थेच्या ऑफिसात कारकून होता. मी तारीख सांगितल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

"काका, वासी उत्तराण?"

"हो. मोकळं आहे ना मैदान?"

"मैदान तो मोकळंच असणार." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "पक्कं लिहू?"

"पक्कं लिहा."

त्याच्या बघण्यात मला कौतुक दिसलं. अध्यक्षांना फोनवर सांगितलं, तर तेही क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "भाऊ, तमे कहो ते." या दोन्ही शांततांचा अर्थ मी, कल्पना लोकांच्या पुढची आहे, असा लावला.

घरी कागद टेबलावर ठेवला. बायकोनं वाचला आणि मुलीकडे सरकवला. मुलीनं वाचला. मग तिनं मला अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही उत्तराणला कधी गच्चीवर गेलायत?"

मी विचार केला. गेलो नव्हतो. सगळ्यांना रजा हवी असली तरी कारखाना बंद ठेवता येत नाही. अर्धे अर्ज नामंजूर करून उरलेली भोकं बुजवायची असायची, आणि ज्याच्या हातात पेन्सिल असते त्याला शेवटी स्वतःचंच नाव लिहावं लागतं. तीस उत्तराणी मी कंट्रोलरूममध्ये काढल्या. आकाशात पतंग असतात हे काचेतून दिसायचं. निवृत्तीनंतरच्या उत्तराणी कानात कापूस घालून राहिलेली झोप काढण्यात गेल्या. पण पतंग उडवायला असा किती वेळ लागतो? तासभर?

"सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत," बायको म्हणाली. "जेवण गच्चीवर, चहा गच्चीवर. पाहुणे गच्चीवर. त्या दिवशी कुणी वारलं तरी माणसं विचारतात, संध्याकाळी नेलं तर चालेल का. आणि तुम्ही त्यांना खाली बोलावताय, फुटबॉल बघायला."

"दोन्ही दिवस?"

"दुसऱ्या दिवशी जास्त. पहिल्या दिवशी कापलेल्याचा सूड असतो ना."

मी पेन्सिल शोधायला उठलो. पण खोडायला जागाच नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यापासून मैदान संस्थेच्या वार्षिक खेळांना दिलं होतं. रेफरी रेल्वेत नोकरीला, त्यांना मिळालेली रजा तेवढीच. आणि फेब्रुवारीत मुलगी गावात नसणार होती. मी हे सगळं एकामागून एक सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे."

हे "ठीक आहे" माझ्या ओळखीचं होतं. तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून मी ते ऐकत आलो होतो. अर्ज परत घेऊन माणूस दाराकडे वळताना म्हणतो ते. घरच्या टेबलावर ते इतकं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

वासी उत्तराणच्या दुपारी मी स्कूटरच्या पुढे मांजा अडवणारी सळई लावून, गळ्याला रुमाल बांधून मैदानावर पोहोचलो. तिन्ही बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरून वाहत होत्या. लाउडस्पीकर, पिपाण्या, उसाचे करवे, बोरांच्या परड्या. लीगच्या इतिहासात एवढी गर्दी मैदानाभोवती कधी जमली नव्हती, आणि त्यातल्या एकाही माणसाची मान खाली नव्हती. खाली आम्ही होतो: दोन संघ, मफलर गुंडाळलेले रेफरी, लिंबाखालचा वॉचमन आणि तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन आलेली माझी बायको. अध्यक्षांनी कळवलं होतं, की ते येत आहेत. ते फतेगंजच्या आपल्या गच्चीवरून कळवत होते.

सामन्याआधी मुलींनी वॉर्मअप केला नाही. बावीस जणी एका ओळीत उभ्या राहिल्या आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवतातला मांजा वेचत गेल्या. गोलच्या जाळीत तीन पतंग अडकले होते, ते मुलीनं काढले आणि खांबाशी रचून ठेवले.

पहिला अर्धा भाग अगदी चमत्कारिक झाला. चेंडू मधल्या रेषेवर लोळत असताना गच्चीवरून पतंग कापल्याची गर्जना उठायची, "काप्यो छे," आणि खेळाडू दचकून आपल्या गोलकडे बघायच्या. एकदा समोरच्या संघाची एक मुलगी एकटीच चेंडू घेऊन आत शिरली. आमच्या मुलीनं पुढे झेपावून तो तिच्या पायातून काढला. खरं सांगतो, मोठा बचाव होता. त्याच क्षणी तिन्ही इमारती पिपाण्या फुंकत होत्या, पण कुठल्यातरी काळ्या पतंगासाठी. मुलगी उठली, गुडघ्यावरची माती झटकली, आणि माझ्याकडे बघायचं टाळून चेंडू लाथाडला. बायकोनं मात्र टाळ्या वाजवल्या. दोन हातांच्या टाळ्या त्या कल्लोळात काय ऐकू येणार?

मध्यंतराला शून्य-शून्य. मी लाडू वाटत फिरत होतो, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यातल्या निशाणाकडे गेलं. ते काठीला चिकटून लोंबत होतं.

कारखान्यात एका उंच खांबावर कापडाची पिशवी असते, वारा कुठे वाहतो ते दाखवणारी. गॅस गळला तर कुठल्या दिशेला पळायचं हे त्यावरून कळतं. तीस वर्षं तिच्याकडे बघायची सवय, त्यामुळे निशाण पडलेलं मला गच्चीवरच्यांच्या आधी दिसलं. वारा पडला होता.

मग ते त्यांनाही कळलं. एकेक पतंग पेंगुळल्यासारखा खाली यायला लागला. गच्चीवरून आवाज उठले, "पवन गयो, पवन गयो." माणसं ठुमके देऊन दमली. मग कठड्याला टेकली. ऊस सोलायला घेतला. आणि कठड्याला टेकून ऊस खाणाऱ्या माणसाची नजर दुसरी कुठे जाणार? ती खाली आली.

दुसरा भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. डावीकडच्या इमारतीवरून लाउडस्पीकर खरखरला आणि गाणं थांबून एका माणसाचा आवाज आला, "ए पीळा टीशर्टवाळी बेन, डाबी बाजू खाली छे. डाबी बाजू." पिवळ्या शर्टातल्या मुलीनं खरंच डावीकडे पाहिलं, तिकडे मोकळी जागा होती, आणि तिनं चेंडू दिला. गच्चीला जोर चढला. उजवीकडची इमारत लगेच दुसऱ्या संघाची झाली, कारण कालपासून त्यांचं डावीकडच्यांशी वैर होतं. समोरच्या इमारतीनं आधी दोघांनाही चिडवलं आणि मग गोलकीपर आपल्या बाजूला आहे म्हणून आमच्या मुलीला घेतलं. पाच माणसं रिळं गुंडाळत खाली उतरून गोलमागे येऊन उभी राहिली. त्यातल्या एका आजींनी मला विचारलं, "भाई, आ रोज थाय छे?"

मी "नाही" म्हणालो आणि पुढचं बोलायच्या आत रेफरीनं शिट्टी वाजवली. पेनल्टी. आमच्या संघाच्या विरुद्ध.

लाउडस्पीकरवाल्याला पेनल्टी म्हणजे काय ते समजावून सांगणारा कुणीतरी भेटला असावा, कारण त्यानं ते तिन्ही इमारतींना समजावून सांगितलं. मग तोही गप्प झाला. उत्तराणच्या दिवसांत बडोद्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अर्थात मी कधी ऐकलीच नव्हती उत्तराण. मी मुलीकडे बघत नव्हतो. मी निशाणाकडे बघत होतो. त्याचं टोक जरासं हललं. मी मनात म्हटलं, अजून एक मिनिट. तीस वर्षांत कुणाकडे एक मिनिट उसनं मागितलं नव्हतं, त्या दिवशी वाऱ्याकडे मागितलं.

समोरच्या मुलीनं चेंडू खाली उजवीकडे मारला. आमची मुलगी आडवी झाली आणि चेंडू तिच्या मनगटाला लागून खांबाबाहेर गेला.

तिन्ही गच्च्यांवरून एकदम आवाज आला: "काप्यो छे."

पिपाण्या वाजल्या, थाळ्या वाजल्या, गोलमागच्या आजींनी बोरं उधळली. मुलगी जमिनीवरून उठलीच नाही काही क्षण. पडल्या पडल्या ती वर बघत होती, गच्च्यांकडे. मग उठली आणि तिनं दोन्ही हात वर केले. बायकोनं माझ्या हातातला लाडवांचा डबा काढून घेतला, कारण मी तो उलटा धरला होता.

आणि मग वारा आला. निशाण फडकलं. एका मिनिटात माना वर गेल्या, रिळं सुटली, गोलमागचे पाचही जण जिना चढून गेले. खेळ चालूच होता. शेवटच्या मिनिटांत समोरून कुणीतरी लांबून एक मऊ, निरुपद्रवी फटका मारला. असा चेंडू मीसुद्धा अडवला असता, किंवा निदान त्यानं मला वळसा घातला असता. मुलीनं तो छातीशी धरला, तो निसटला, आणि तिच्या दोन्ही पायांमधून हळूहळू रेषेपलीकडे गेला. शिट्टी. एक-शून्य. थोड्या वेळात सामना संपला.

मी जाऊन तिच्यापाशी उभा राहिलो. ती हातमोजे काढत होती, त्यात मांजाचा तुकडा अडकला होता.

"बाबा, तो गोल कुणी बघितला?"

"मी, तुझी आई आणि रेफरी. वॉचमन वर बघत होता."

"नक्की?"

"नक्की."

"आणि पेनल्टी?"

"सगळ्यांनी."

तिनं मांजा तोडून खिशात घातला. "मग वेळ बरोबर होती," ती म्हणाली.

समोरच्या गच्चीवरून त्या आजी हाक मारत होत्या, "ए गोलकीपर, उपर आव, उंधियू खाईने जा." हरलेला संघ, जिंकलेला संघ, मफलरसकट रेफरी, सगळे जिना चढले. मी आणि बायको मागून. अशी माझी पहिली उत्तराण सुरू झाली, पाच वाजता, दुसऱ्याच्या गच्चीवर. मुलीच्या हातात कुणीतरी दोर दिला. पतंगबाजीत ज्याला काहीच येत नाही, त्याला मागे फिरकी धरून उभं करतात. ती मला दिली.

गच्चीवरून मैदान फार सुरेख दिसत होतं. चुन्याच्या रेषा, दोन्ही गोल, सगळं एका नजरेत. शेजारी लाउडस्पीकरवाला भाऊ येऊन उभा राहिला. डावीकडच्या इमारतीतून मुद्दाम आला होता, जिलबी खात होता.

"काका, या पोरी रोज कधी खेळतात? आम्हाला माहीतच नाही."

"रविवारी."

"रविवारी तर आम्ही घरीच असतो. किती वाजता?"

"साडेबाराला."

त्यानं जिलबीचा घास थांबवला. "भर दुपारी? आ टाइम कोण नक्की करे छे?"

"कमिटी," मी म्हणालो.

मुलगी आकाशातून नजर न काढता म्हणाली, "बाबा, फिरकी सैल सोडा. खोटं बोलताना तुम्ही ती आवळून धरताय."